अनाहूत माल आणि गृहीत धरलेली संमती

(ग्राहक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वस्तूची मागणीच केली नाही तिचे बिल हातात पडले, तर ते भरण्याचे बंधन ग्राहकावर असते काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटतो. मागितले नाही तर पैसे कशाचे द्यायचे, असे कोणीही सहज म्हणेल. परंतु उपाहारगृहाच्या बिलात आपोआप मिळवलेला सेवा-आकार, मोबाइलच्या शिलकीतून परस्पर कापलेली गाण्याच्या धूनची वर्गणी, कर्ज देतानाच वजा करून घेतलेला विम्याचा हप्ता, युरियाच्या पोत्याबरोबर शेतकऱ्याच्या गळ्यात मारलेली दुसऱ्याच कसल्यातरी द्रावणाची बाटली, हे सारे प्रकार एकाच कुळातील आहेत. त्या प्रत्येकात मागणी नाही, पण वसुली आहे. आणि बहुसंख्य लोक ते पैसे निमूटपणे भरतात, हेही तितकेच खरे आहे. ते का भरतात, कायदा त्यांच्या बाजूने कितपत उभा आहे आणि तो कोठे कमी पडतो, याचा क्रमाने विचार केला पाहिजे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. करार होण्यासाठी प्रस्ताव आणि स्वीकार या दोन्ही गोष्टी लागतात. प्रस्ताव करणाऱ्याने समोरच्याचा स्वीकारही स्वतःच गृहीत धरावा, ही मुभा कायद्याने त्याला दिलेली नाही. या संबंधात इंग्लंडमधील १८६२ सालचा एक खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. फेल्टहाउस नावाच्या एका गृहस्थाला आपल्या पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. किमतीविषयी दोघांत थोडा घोटाळा झाला. तेव्हा काकाने पत्र लिहिले की, याविषयी पुन्हा काही कळले नाही तर तीस पौंड पंधरा शिलिंगांना घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. त्याची विकण्याची इच्छा होती आणि तो घोडा लिलावातून वगळावा असे त्याने लिलाव करणाऱ्याला सांगितलेही होते. पण चुकून घोडा विकला गेला आणि काकाने लिलाव करणाऱ्यावर दावा लावला. न्यायालयाने काकाचे म्हणणे फेटाळले. पुतण्याच्या मनात काय होते हा मुद्दा वेगळा, त्याने आपला स्वीकार काकाला कळवला नव्हता; आणि ‘उत्तर आले नाही तर होकार समजेन’ असे लिहून एका बाजूने दुसऱ्याला बांधून घेता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. १८७२ सालचा भारतीय करार कायदाही हीच भूमिका घेतो. ज्याच्याकडे प्रस्ताव केला त्याने आपली संमती व्यक्त केली, तरच प्रस्ताव स्वीकारला गेला असे तो कायदा म्हणतो.

तत्त्व असे स्वच्छ असताना न मागितलेल्या मालाचा धंदा उभा राहिला कसा? त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही; ते माणसाच्या स्वभावात आणि व्यापाऱ्याच्या हिशेबात सापडते. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात या धंद्याला ऊत आला. घरोघर टपालाने पुस्तके, शुभेच्छापत्रे अशा वस्तू येऊन पडत. सोबत चिठ्ठी असे की, अमुक दिवसांत माल परत न आल्यास तो पसंत पडला असे समजण्यात येईल. त्यामागून बिल येई, बिलामागून स्मरणपत्र येई आणि शेवटी दाव्याची धमकी येई. या पद्धतीला तेथे ‘इनर्शिया सेलिंग’ म्हणजे जडत्वाच्या जोरावर केलेली विक्री असे नाव पडले. नाव अन्वर्थक होते. मालाच्या गुणांवर विक्री होत नव्हती. पुडके पुन्हा बांधणे, टपाल कचेरीत जाणे, पदरचे तिकीट लावणे हा सारा उपद्‌व्याप माणूस टाळतो, या गोष्टीवर ती होत होती. कायद्याने पैसे देण्याचे बंधन तेव्हाही नव्हते. पण ते ग्राहकाला ठाऊक नव्हते, आणि धमकीच्या पत्रावरचा मजकूर तर कायद्याच्या भाषेतच असे. शिवाय दुसऱ्याची वस्तू घरात येऊन पडली आहे, ती फेकून दिली आणि उद्या तिची भरपाई मागितली तर काय, ही धास्ती वेगळीच.

यावर ब्रिटिश संसदेने १९७१ साली जो अनाहूत माल व सेवा कायदा केला, त्याची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. ‘ग्राहकाने पैसे देऊ नयेत’ एवढेच सांगून तो थांबला नाही. त्याने सारे ओझे पाठवणाऱ्याच्या खांद्यावर टाकले. न मागता आलेला माल सहा महिन्यांत पाठवणाऱ्याने परत नेला नाही, तर तो घेणाऱ्याला बिनशर्त मिळालेली भेट ठरावा. घेणाऱ्याने लेखी सूचना दिली तर ही मुदत तीस दिवसांवर यावी. इतकेच करून भागले नसते, म्हणून आपला हक्क आहे असे मानण्यास सबळ कारण नसताना अशा मालाचे पैसे मागणे हाच गुन्हा ठरवण्यात आला आणि त्यासाठी दोनशे पौंडांपर्यंत दंड ठेवण्यात आला. दाव्याची धमकी देणे किंवा थकबाकीदारांच्या यादीत नाव घालण्याची भीती घालणे यासाठी दंडाची मर्यादा चारशे पौंड होती. पुढे २०००च्या नियमांनी मुदतीची अटही काढून टाकली आणि ग्राहकाच्या घरी आलेला अनाहूत माल तत्काळ भेट ठरू लागला. अमेरिकेने १९७०च्या टपाल पुनर्रचना कायद्यातच टपालाने आलेली अनाहूत वस्तू ही भेट मानली आणि तिचे बिल किंवा तगाद्याचे पत्र पाठवण्यास मनाई केली. युरोपीय संघाच्या २०११च्या ग्राहक हक्क निर्देशात तर नेमके म्हटले आहे की, अशा मालाबाबत ग्राहकाने उत्तर न देणे म्हणजे संमती नव्हे.

वस्तूंबरोबर पतही अशीच घरोघर टाकली गेली होती. १९५८ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने सुमारे साठ हजार क्रेडिट कार्डे कोणी न मागता टपालाने पाठवली. पुढे इतर बँकांनी तोच मार्ग धरला. कार्डे टपालातून चोरीस गेली, भलत्यांनी वापरली आणि बिले मात्र ज्यांची नावे त्यांच्या दारी आली. १९७० साली अमेरिकेने ही पद्धत कायद्याने बंद केली. ब्रिटनने १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यात तीच बंदी घातली. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या ज्या नियमाचा उल्लेख पुढे यायचा आहे, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

आता भारताकडे वळू. १९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी निघाली, १९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध स्त्रियांचे लाटणे-मोर्चे निघाले, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तो काळ तुटवड्याचा होता. रॉकेल, साखर, तेल, डालडा यांसाठी रांगा लागत. माल मागूनही मिळत नव्हता. तो न मागता दारात येऊन पडेल, ही कल्पनाच त्या काळी हास्यास्पद ठरली असती. त्यामुळे भेसळ, साठेबाजी, कमी वजन आणि फसवी जाहिरात ही ग्राहक चळवळीची लक्ष्ये ठरली व ती योग्यच होती. १९८४ साली मक्तेदारी-नियंत्रण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांचे प्रकरण घालण्यात आले, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची जागा पुढे २०१९च्या कायद्याने घेतली. यांपैकी कशातही अनाहूत मालाविषयी स्वतंत्र कलम नाही. ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची व्याख्या व्यापक असल्याने हा प्रकार तिच्या पोटात बसवता येतो. पण बसवून घ्यावा लागतो, आणि तो बसवण्याचे श्रम तक्रारदाराने करायचे असतात.

टपालाचा व्यवहार मात्र आपल्याकडे जुना आहे. व्ही.पी. हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. वर्गणी संपली की पुढचा अंक व्ही.पी.ने पाठवण्याची रीत मराठी नियतकालिकांनी वर्षानुवर्षे पाळली. त्यात एक गोष्ट वाचकाच्या बाजूची होती: पोस्टमन दारात उभा असताना ‘नको’ म्हटले की व्यवहार संपे आणि परतीचा भुर्दंड प्रकाशकाच्या माथी बसे. नकार देण्यास कोठे जावे लागत नसे आणि नकाराचा खर्च पाठवणाऱ्याने सोसायचा असे. ही साधी व्यवस्था ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिची तुलना आजच्या व्यवस्थेशी करावी लागेल.

करार कायद्याचे सत्तरावे कलम या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर रीतीने काही केले किंवा त्याला काही वस्तू दिली, ती फुकट देण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने तिचा लाभ घेतला, तर त्या दुसऱ्याने भरपाई द्यावी किंवा वस्तू परत करावी, असे हे कलम सांगते. कायद्यातच उदाहरण दिले आहे: एका दुकानदाराकडून चुकून दुसऱ्याच्या घरी माल राहिला आणि त्या माणसाने तो आपलाच समजून वापरला, तर त्याने पैसे दिले पाहिजेत. हा न्याय कोणालाही पटेल. पण या कलमाचा आधार घेऊन कोणीही काहीही कोणाच्याही गळ्यात मारावे आणि मागाहून किंमत मागावी, असे घडू शकते काय? पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हा आक्षेप आला होता. १९६१च्या डिसेंबरात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालात त्याला उत्तर आहे. वस्तू नाकारण्याची किंवा परत करण्याची मोकळीक घेणाऱ्याला असतेच. त्याने ती नाकारली तर हे कलम लागूच होत नाही. स्वेच्छेने स्वीकार करून लाभ घेतला तरच भरपाईचा प्रश्न उपस्थित होतो, असे त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे आपल्याकडील आजची स्थिती अशी आहे की, न मागितलेली वस्तू न वापरता बाजूला ठेवली तर तिचे पैसे देणे लागत नाही; वापरली तर मात्र लागू शकतात. ब्रिटनने ज्याप्रमाणे ती वस्तू घेणाऱ्याची करून टाकली, त्याप्रमाणे आपल्या कायद्याने केलेले नाही. पाठवणाऱ्याने पैसे मागणे हा स्वतंत्र गुन्हाही येथे नाही.

हा फरक पुस्तकी नाही. गजेंद्रगडकरांच्या निकालाचा सारा भार ‘नाकारण्याची मोकळीक’ या शब्दांवर आहे. ही मोकळीक खरी असेल तरच स्वीकाराला अर्थ येतो. गेल्या काही दशकांत व्यापाराने जे नवे मार्ग काढले आहेत, त्यांचे सूत्र हेच आहे की नाकारण्याचा क्षणच ग्राहकाच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही. टपालाच्या पुडक्याला निदान दार ठोठवावे लागे. खात्यातून परस्पर होणाऱ्या वजावटीला तेही करावे लागत नाही. माल आधी येतो आणि पैसे मागाहून मागितले जातात, हा जुना क्रम उलटला आहे. आता पैसे आधी जातात. आपण काय विकत घेतले हे ग्राहकाला मागाहून, आणि तेही लक्ष गेले तर, कळते. पूर्वी पैसे मिळवण्यासाठी व्यापाऱ्याला ग्राहकाच्या मागे लागावे लागे. आता ते परत मिळवण्यासाठी ग्राहकाने व्यापाऱ्याच्या मागे लागायचे असते.

मोबाइलवरील सेवांचे उदाहरण घ्या. न मागितलेल्या सेवांचे पैसे शिलकीतून कापले जात असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की दूरसंचार नियामक प्राधिकरणाला २०११ साली आणि पुन्हा २०१३ साली निर्देश काढावे लागले. ग्राहकाची एकदा नव्हे, दोनदा स्पष्ट संमती मिळाल्याखेरीज अशी सेवा सुरू करू नये, असे २०१३च्या निर्देशाने बजावले. दोनदा का? तर पहिली ‘संमती’ बहुधा चुकून दाबलेल्या बटणाची असे म्हणून.

शेतकऱ्याचे उदाहरण याहून गंभीर आहे. पेरणी तोंडावर आली आहे, पाऊस पडून गेला आहे, आणि युरियासाठी शेतकरी कृषी सेवा केंद्रात उभा आहे. पंचेचाळीस किलोच्या पोत्याची सरकारने बांधून दिलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. पण पोते हवे तर सोबत अमुक द्रावण किंवा तमुक खत घेतलेच पाहिजे, असे त्याला सांगण्यात येते. याला ग्रामीण महाराष्ट्रात ‘लिंकिंग’ म्हणतात. बिलावर दोन्ही वस्तू रीतसर लिहिलेल्या असतात. कागदोपत्री तो खरेदीदार आहे आणि त्याची संमतीही आहे. पण वाफसा निघून जाण्याआधी पेरणी झाली नाही तर हंगाम हातचा जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या ‘हो’ला संमती म्हणायचे काय? विक्रेत्यांची बाजूही येथे सांगितली पाहिजे. वरूनच माल जोडीने येतो, आम्ही काय करणार, अशी त्यांची तक्रार असते आणि ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. २०२५च्या जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी राज्यांना पत्र लिहून, अनुदानित खतांबरोबर नॅनो खते आणि जैव-उत्तेजके माथी मारण्याचा प्रकार ताबडतोब थांबवण्यास सांगितले. दुखणे मोठे असल्याची ही सरकारी कबुलीच आहे. एक वस्तू विकण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे निर्बंधात्मक व्यापारी प्रथा आहे, आणि शेतकरी हा त्या कायद्याच्या अर्थाने ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात मान्य केले आहे. म्हणजे या बाबतीत कायदा आहे. उणीव आहे ती दुकानाच्या गल्ल्यापर्यंत तो पोहोचण्याची.

शासनही यातून सर्वस्वी सुटलेले नाही. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६च्या खरिपात सुरू झाली, तेव्हा पीककर्ज घेणाऱ्या शेतकऱ्यास विमा सक्तीचा होता आणि हप्ता कर्जातूनच वजा होई. २०२०च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. मात्र कर्जदाराला विमा नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला तसे लिहून देण्याची अट ठेवली गेली. पीक विमा शेतकऱ्याला आवश्यक आहे, त्याविषयी वाद नाही. हप्त्याचा मोठा भाग सरकार भरते, हेही खरे. परंतु ‘लिहून दिले नाही म्हणजे हवे आहे’ ही जी रचना आहे, ती फेल्टहाउसच्या काकाचीच आहे. हिताची वस्तू असली तरी विचारून द्यावी, एवढी प्रतिष्ठा शेतकऱ्याला मिळावयास हवी. व्यापाऱ्याला जे करू नको म्हणायचे ते शासनाने स्वतः केले, तर त्याच्या शब्दाला वजन उरत नाही.

आता अर्थशास्त्राच्या बाजूने पाहू. बाजारव्यवस्थेच्या समर्थनाचा पाया असा की, ग्राहक हा राजा आहे. तो निवड करतो आणि त्याच्या निवडीप्रमाणे उत्पादक वागतो. अनाहूत मालाच्या व्यवहारात निवड नावाची गोष्टच नाही, म्हणजे त्या समर्थनाचा पायाच येथे उरत नाही. तरीही हा व्यवहार टिकतो, कारण त्याचा हिशेब पक्का आहे. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. एका कंपनीने दहा लाख ग्राहकांच्या खात्यांतून दरमहा वीस रुपये न विचारता कापले, तर महिन्याला दोन कोटी रुपये जमा होतात. वीस रुपयांसाठी फोनवर अर्धा तास खोळंबून राहणे कोणालाही परवडत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला तर मुळीच नाही. समजा, शंभरांत एकाने तक्रार केली आणि त्याला पैसे परत मिळाले. कंपनीचे दोन लाख गेले, एक कोटी अठ्ठ्याण्णव लाख राहिले. परत केलेल्या रकमेच्या दुप्पट दंड त्यावर बसला, तरी जाणारी एकूण रक्कम सहा लाख होते. म्हणजे एक कोटी चौऱ्याण्णव लाख शिल्लक आहेतच. तक्रार करणाऱ्याला न्याय मिळाला, असे येथे जरूर म्हणता येईल. परंतु नव्व्याण्णव जणांचे पैसे गेले आणि गैरव्यवहार फायद्याचाच राहिला. या विषयाचे मर्म या हिशेबात आहे. एकेकट्या ग्राहकाला मिळालेला परतावा हा या रोगावरचा उपाय होऊ शकत नाही.

यावर व्यापारी वर्गाकडून असे सांगितले जाते की, सोयीसाठीच ही व्यवस्था आहे. दर वेळी विचारत बसलो तर ग्राहकच वैतागेल. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. वीजबिल किंवा विम्याचा हप्ता दरमहा आपोआप भरला जावा, असे अनेकांना वाटते. परंतु ती सोय ग्राहकाने स्वतः मागितलेली असते. मागितलेली सोय आणि लादलेली सोय यांतला भेद ओळखणे कठीण नाही. सेवा घेण्यास एक बटण पुरत असेल आणि ती बंद करण्यास सात पायऱ्या चढाव्या लागत असतील, तर सोय कोणाची पाहिली आहे हे उघड आहे. कॅनडात १९९५ साली एका मोठ्या केबल कंपनीने नव्या वाहिन्या सर्वांना चालू करून दिल्या आणि नको असतील त्यांनी कळवावे असे सांगितले. तेथील ग्राहकांनी असा गदारोळ केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. ग्राहकांना ही ‘सोय’ कशी वाटते, याचे उत्तर तेव्हाच मिळाले आहे.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत काही चांगल्या गोष्टी घडल्या आहेत, त्यांची नोंद घेतलीच पाहिजे. २०२०च्या ई-वाणिज्य नियमांनी असे ठरवले की, खरेदीला ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतूनच घेतली पाहिजे. आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटी चालणार नाहीत. ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी पडद्यावरील फसवणुकीचे तेरा प्रकार नमूद केले. ग्राहकाच्या टोपलीत त्याच्या नकळत जादा वस्तू सरकवणे आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे हे त्यांत आहेत. उपाहारगृहांच्या सेवा-आकाराविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढल्या की, तो आपोआप बिलात घालता येणार नाही. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. आणि रिझर्व्ह बँकेने २०२२ साली क्रेडिट कार्डांविषयी दिलेला निर्देश तर आदर्श मानावा असा आहे. न मागितलेले कार्ड देऊन चालू केले आणि त्याचे बिल आकारले, तर बँकेने ती आकारणी ताबडतोब रद्द करावीच, शिवाय तिच्या दुप्पट रक्कम ग्राहकाला दंड म्हणून द्यावी, असे तो सांगतो. फ्रेस्नोपासून येथवर यायला अनेक दशके लागली, हे जाता जाता ध्यानात घ्यावे.

तथापि हे सारे तुकड्यातुकड्यांनी आले आहे. कार्डाला एक न्याय, मोबाइलला दुसरा, पडद्यावरील दुकानाला तिसरा. आणि खताच्या दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला त्यांपैकी सर्वांत दुबळा. जो ग्राहक इंग्रजी वाचू शकतो, तक्रार लिहू शकतो, त्याच्यासाठी संरक्षण अधिक. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी कमी, असा हा उलटा उतार आहे. तो बदलायचा असेल तर चार मागण्या सातत्याने लावून धरल्या पाहिजेत.

पहिली मागणी: न मागता पाठवलेली वस्तू ही घेणाऱ्यास मिळालेली भेट समजली जाईल आणि तिचे पैसे मागणे हा गुन्हा असेल, असे सुटसुटीत कलम ग्राहक संरक्षण कायद्यात घालावे. ब्रिटनने १९७१ साली जे केले ते आपल्याला आज अशक्य नाही. खरोखर चुकून दुसऱ्याच्या घरी गेलेल्या मालाला अपवाद ठेवता येईल.

दुसरी: रिझर्व्ह बँकेने कार्डांना लावलेला दुप्पट भरपाईचा नियम विमा, मोबाइल, वर्गण्या आणि दुकानातील बिल या सर्वांना लावावा.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: एका ग्राहकाची तक्रार खरी ठरली की, त्याच पद्धतीने ज्यांच्याकडून पैसे घेतले गेले त्या सर्वांचे पैसे, त्यांनी तक्रार केली नसली तरी, परत केले जावेत. २०१९च्या कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला स्वतःहून चौकशी करण्याचा, अनुचित प्रथा बंद करण्याचा आणि किंमत परत करावयास लावण्याचा अधिकार दिलेला आहे. कंपन्यांच्या संगणकांना पैसे कापताना प्रत्येक ग्राहकाचे खाते बरोबर सापडते. परत करतानाही ते सापडायला हरकत नाही.

चौथी: सेवा घेणे जितके सोपे तितकेच ती बंद करणे सोपे असले पाहिजे. अमेरिकेत २०२४ साली असा नियम करण्यात आला होता; तो अमलात येण्याच्या बेतात असताना २०२५च्या जुलैमध्ये तेथील अपील न्यायालयाने कार्यपद्धतीतील त्रुटीच्या कारणावरून रद्द ठरवला. नियम करताना कायद्याची वाट काटेकोरपणे चालली पाहिजे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

या मागण्या मान्य होईपर्यंत ग्राहकाने काय करावे? न मागितलेले पार्सल, विशेषतः दारात पैसे मागणारे, घेऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांना तसे सांगून ठेवावे, कारण अशी पार्सले कर्ता माणूस घरी नसताना येतात आणि एकदा दिलेले पैसे परत मिळवणे जिकिरीचे होते. माल येऊन पडलाच असेल तर तो वापरू नये. ‘ही वस्तू मागवलेली नाही, आपल्या खर्चाने घेऊन जावी’ असे पाठवणाऱ्यास लेखी कळवून त्याची प्रत जपून ठेवावी. परतीचा खर्च आपल्या पदरचा करण्याचे कारण नाही. धमकीच्या पत्राला घाबरून थोडीशी रक्कमही भरू नये. ती मागणी मान्य केल्याची खूण म्हणून पुढे केली जाते. बिलातील अनोळखी रकमेवर तेथल्या तेथे बोट ठेवावे. खात्यातून वजावट झाली असेल तर बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक आहे. ग्राहक आयोगात स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

कार्यकर्त्यांचे काम याच्या पुढचे आहे. एकाच गावातील, एकाच बँकेच्या शाखेतील किंवा एकाच दुकानाच्या गिऱ्हाइकांपैकी दहा-वीस जणांची बिले आणि पासबुके एकत्र पाहिली, तर जी वजावट एकट्याला चूक वाटते ती पद्धत असल्याचे दिसून येते. अनेकांनी मिळून एक तक्रार करण्याची तरतूद कायद्यात आहे. तिचा उपयोग फार थोडा होतो. वीस रुपयांसाठी भांडणारा एकटा माणूस चेष्टेचा विषय होतो. तेच वीस रुपये दोनशे जणांनी मिळून मागितले, तर व्यवस्थापकाला खुर्ची सोडून बाहेर यावे लागते. खरीप हंगामाच्या आधी आपल्या तालुक्यातील खतांच्या दुकानांची बिले गोळा करण्यापासून या कामाला आरंभ करता येईल.